पहिले चार मिलिमीटर

वाल सोलणं हे निवृत्तीनंतर माझ्याकडे आलेलं खातं आहे. जुलैतल्या एका रविवारी परातीत मोड आलेले वाल घेऊन बसलो होतो, तेव्हा नात समोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, मुंबईपासून सगळ्यात लांब काय आहे?"

"बदलापूर," मी म्हटलं.

ती हसली नाही. सहावीत गेल्यापासून माझ्या विनोदांना हसणं तिने बंद केलंय. "पृथ्वीवर," ती म्हणाली. "आणि तिथे जायला किती वेळ लागतो?"

आता हा प्रश्न तिने बिल्डिंगमधल्या दुसऱ्या कुठल्याही आजोबांना विचारला असता, तर त्यांनी मोबाइल काढला असता. मी १९८४ ते २०१६ फोर्टातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटांच्या टेबलावर होतो. आमचं गिऱ्हाईक बहुतेक बोटीवरचं. कुणी जॉइनिंगला निघालेलं, कुणी साइन-ऑफ होऊन घरी येणारं. बोट जिथे असेल तिथे माणूस पोचवायचा. डर्बन, सांतोस, व्लादिवोस्तोक, कुठेही. त्यामुळे 'सगळ्यात लांब काय' आणि 'किती वेळ' हे माझ्यासाठी एकच प्रश्न नाहीत, आणि हे तिला समजावून सांगायला मला वालापेक्षा चांगलं निमित्त लागणार नव्हतं. परात बाजूला सरकवली. आतून आवाज आला, "झाले का वाल?" झाले नव्हते.

कपाटावर बारा इंची पृथ्वीचा गोल आहे, तिच्या बाबाच्या शाळेतला. त्यावर सोव्हिएत रशिया अजून शाबूत आहे. मी शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा आणला आणि तिला आधी हिशेब शिकवला. मुंबई १९ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. बरोबर उलट टोक हवं तर उत्तरेचं दक्षिण करायचं आणि १८० मधून ७३ वजा करून पूर्वेचं पश्चिम. आलं १९ दक्षिण, १०७ पश्चिम. आपल्या पायाखाली सरळ भोक पाडलं तर तिथे बाहेर पडू. तिने तिथे बोट ठेवलं. सगळं निळं. पॅसिफिक.

"म्हणजे पाताळ पाण्यात आहे?"

पाण्यातच. भारतातलं कुठलंही गाव घ्या, त्याचं उलट टोक त्याच समुद्रात पडतं. फक्त एका जागी माणसांची वस्ती असलेली जमीन लागते. तिचं बोट जरा खाली सरकवलं तर एक ठिपका होता, रापा नुई, म्हणजे ईस्टर बेट. २७ अंश दक्षिण, १०९ अंश पश्चिम. त्याचं उलट टोक येतं ते आपल्या जैसलमेरच्या आसपास. (त्या बेटाच्या पूर्वेला, मुंबईच्या पाताळाला आणखी जवळ, साला इ गोमेझ नावाचा एक खडक आहे, पण तिथे पक्षी राहतात, आणि पक्ष्यांची तिकिटं आम्ही काढत नसू.) म्हणजे माणसांची वस्ती असलेली मुंबईपासून सगळ्यात लांबची जागा तीच. जैसलमेर मुंबईपासून जेवढं, साधारण तेवढंच हे बेट मुंबईच्या पाताळापासून. नऊशे किलोमीटरच्या घरात.

पृथ्वीचा अर्धा वेढा २०,००० किलोमीटर. हा आकडा इतका गोल का, तर मीटरच तसा बेतला होता. फ्रेंचांनी १७९० च्या दशकात ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचे एक कोटी भाग केले आणि एका भागाला मीटर म्हटलं. नऊशे वजा केले की मुंबई ते रापा नुई सुमारे १९,१०० किलोमीटर.

मग दोरा ताणला, आणि इथे मीसुद्धा गप्प झालो. मला वाटलं होतं दोरा आफ्रिकेवरून जाईल, किंवा ऑस्ट्रेलियावरून. हाताने इकडेतिकडे सरकवून बघितला, पण तो ढिला पडायचा. शेवटी जिथे घट्ट बसला ती वाट खाली जाणारी होती. मुंबईहून कोकणपट्टीला लागून, गोव्याला शिवून, केरळच्या बाजूने समुद्रात. मग अख्खा हिंदी महासागर, मग अंटार्क्टिकाचा बर्फ, आणि तिथून पलीकडच्या अंगाने वर चढून ते बेट. नातीने पट्टीने मोजलं, दोरा ४५ सेंटिमीटर.

"गुहागर कुठे?"

आमचं गाव गुहागर, खालचापाट. गोलावर गुहागर अर्थातच नाही. पण एका सेंटिमीटरला सव्वाचारशे किलोमीटर धरले, आणि मुंबईहून गुहागर हवेतून १८० किलोमीटर, तर चार मिलिमीटरवर. आणि गंमत म्हणजे बरोबर दोऱ्याखालीच. तिने लाल पेनाने दोऱ्यावर ठिपका काढला. मुंबईच्या इतका जवळ की दोन्ही ठिपके एकमेकांना चिकटले.

दोरा झाला. आता तिकीट.

त्या वाटेने विमान जात नाही. एक तर तेवढा पल्लाच नाही. आज नियमित उड्डाणांत सगळ्यात लांबचं सिंगापूर–न्यूयॉर्क, ते सुमारे १५,३०० किलोमीटर. दुसरं, वाटेत बिघडलं तर उतरायचं कुठे, पेंग्विनांत? तिसरं म्हणजे प्रवासीच नाहीत. मुंबईहून तिकडे दिवसाला किती लोक जाणार? विमान अंतरासाठी उडत नाही, भरलेल्या सीटांसाठी उडतं. म्हणून माणूस सरळ जात नाही, जिथे गर्दी आहे तिथून तिथून जातो. मी डोळे मिटून जुन्या सवयीने तिकिटाची कुपनं, म्हणजे एकेक टप्पा, मांडली. मुंबई–दोहा २,३०० किलोमीटर, साडेतीन तास. दोहा–साओ पावलो ११,९०० किलोमीटर, पंधरा तास. साओ पावलो–सांतियागो २,६०० किलोमीटर, चार तास. सांतियागो–रापा नुई ३,७५० किलोमीटर, साडेपाच तास. बेरीज २०,५५० किलोमीटर आणि अठ्ठावीस तास.

नात म्हणाली, "म्हणजे सरळ रेषेपेक्षा फक्त साडेचौदाशे जास्त?"

हे मला तिने सांगितलं, मी तिला नाही. उलट टोकाच्या जवळ जायचं असलं की कुठल्याही दिशेने निघा, वळसा फारसा पडत नाही. इतकी वर्षं मैल मोजले, पण हे कधी असं ध्यानात आलं नव्हतं.

मैल मोजले म्हणजे खरोखरच मोजले. आज हे कुणाला सांगून पटत नाही. तेव्हा दोन शहरांमधल्या भाड्याला मैलांची एक कमाल मर्यादा असे, तिला एमपीएम म्हणायचं. तेवढ्या मैलांत तुम्ही वाटेल तिथून वळून जा, भाडं तेच. प्रत्येक टप्प्याचे मैल, म्हणजे टीपीएम, मांडायचे, बेरीज करायची. मर्यादेच्या बाहेर गेलं की भाडं पाच टक्क्यांनी वाढणार, मग दहा, मग पंधरा, असं पंचवीसपर्यंत. त्याच्याही पलीकडे गेलात तर भाडं मोडून पुन्हा मांडा. माझ्या टेबलावर जाडजूड एबीसी गाइड, म्हणजे जगभरच्या विमानांचं वेळापत्रक, दर महिन्याला नवं, अक्षरं मुंगीएवढी, एक कॅल्क्युलेटर आणि लाल कार्बन लागलेली हाताने लिहायची तिकिटं. बोटं दिवसभर लाल. ही म्हणायची, ऑफिसात कुंकू विकता काय.

तर अठ्ठावीस तास हे नुसते उडण्याचे. खरं तर उडण्याचेही नाहीत. वेळापत्रकातला वेळ म्हणजे विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंत. धावपट्टीकडे रांगेत उभं राहणं त्यातच आलं, आणि आपल्या मुंबईची रांग काय असते ते सांगायला नको. त्यात दोहाला तीन तास, साओ पावलोला चार, सांतियागोला पाच असे मिळवा. चाळीस तास. त्याच्या आधी दहिसरहून सहारला जायचे दोन, तीन तास आधी पोचायचं म्हणून तीन. हे वेळापत्रकात नसतात.

बरं, घड्याळ आणखी वेगळंच सांगतं. ते बेट आपल्यापेक्षा वर्षातला काही काळ साडेअकरा आणि काही काळ साडेदहा तास मागे असतं. सोमवारी पहाटे चारला मुंबईहून निघालात, चाळीस तास काढलेत, तर तिथे मंगळवारी सकाळी साडेआठला उतरता. घड्याळाच्या हिशेबाने साडेअठ्ठावीस तास. उरलेले कुणी खाल्ले ते परत येताना कळतं.

शेवटचा टप्पा मला सगळ्यात आवडतो. मी गेलेलो नाही, हे आधीच सांगतो. माझा सगळा प्रवास टेबलावरचा. पण सांतियागोहून निघालं की ३,७५० किलोमीटर खाली फक्त पाणी. विमान कुठेही उतरायला निघालं की ती जागा बंद निघाली तर जायची दुसरी जागा ठरवून ठेवतात. इथे दुसरी जागा म्हणजे परत सांतियागो, नाहीतर आणखी चार हजारांवरचं ताहिती. म्हणून अशा एकाकी विमानतळाला जाताना नेहमीचा नियम लागू होत नाही. त्याऐवजी बेटावर पोचल्यावर आणखी दोन तास उडता येईल एवढं इंधन बरोबर ठेवायचं. वाटेत एक जागा येते, तिच्यापुढे गेलं की मागे फिरायला पुरणारं इंधन नसतं. पुढेच जायचं. जाताना वारा समोरून, म्हणून साडेपाच तास. येताना पाठीशी, म्हणून पाऊण-एक तास कमी.

पहिल्यांदा तिथे चिलीहून विमान गेलं ते १९५१ च्या जानेवारीत, रोबेर्तो पारागे नावाच्या वैमानिकाचं, पाण्यावरही उतरू शकणारं कॅटालिना. ला सेरेनाहून निघून एकोणीस तासांवर लागले होते. आज त्या बेटाची धावपट्टी ३,३०० मीटरची आहे, आपल्या मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या तोडीची, आणि बेट बघाल तर १६४ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहराच्या अडीचपट जेमतेम. एवढी धावपट्टी कशाला? तर १९८७ मध्ये ती नासाने वाढवून घेतली, अवकाशयान अडचणीत सापडलं तर उतरायला जागा हवी म्हणून. अवकाशयान कधी उतरलं नाही, पण मोठी विमानं उतरू लागली. म्हणजे पर्यटक.

लोकवस्ती २०१७ च्या मोजणीत साडेसात हजारांच्या वर. सकाळच्या विरार फास्टमध्ये दोन खेपांत अख्खं बेट बसेल, खिडकीवरून भांडणासकट. शेजारी म्हणाल तर पिटकेर्न बेट, दोन हजार किलोमीटरवर, आणि तिथे माणसं पन्नासच्या आसपास. वाटीभर साखर मागायची सोय नाही.

मोआई, ते मोठमोठे दगडी चेहरे, नातीला आधीच माहीत होते. मी फक्त तोंगारिकीची गोष्ट सांगितली. तिथे पंधरा मोआई एका ओळीत उभे आहेत. १९६० च्या मे महिन्यात चिलीत ९.५ चा भूकंप झाला, आजवर मोजलेला सगळ्यात मोठा. त्याची लाट हजारो किलोमीटर येऊन या बेटावर आपटली आणि तिने ते दगड आत जमिनीवर दूर फेकले. पुढे १९९० च्या दशकात जपानमधून क्रेन आणून ते पुन्हा उभे केले. विमानाला साडेपाच तास लागतात तेवढ्याच अंतराला लाटेलाही जवळपास तेवढेच लागले असतील, खोल समुद्रात लाट विमानाच्याच वेगाने धावते. नात म्हणाली, "लाटेला कनेक्शन बदलावं लागत नाही." पोरगी तिकिटांच्या टेबलावर चालली असती.

कनेक्शनवरून बोसन आठवला.

बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. हा असगोलीचा, माझ्या गावाशेजारचा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. १९९० च्या दशकातली गोष्ट. अर्जेंटिनात बाइया ब्लांका बंदराला धान्य भरायला बोट लागली होती आणि याला जॉइन व्हायचं होतं. मी मुंबई–जोहान्सबर्ग–ब्यूनॉस आयर्स काढलं आणि पुढे देशांतर्गत विमान. मध्ये दोन तास दहा मिनिटं. मला वाटलं, भरपूर आहेत. गाइडमध्ये शहराचा कोड एकच होता. शेजारी बारक्या अक्षरांत दोन विमानतळांची वेगवेगळी खूण होती, ती मी वाचली नाही. बाहेरदेशीची विमानं उतरायची एसेइसाला, आणि देशातली सुटायची एरोपार्केहून. मध्ये अख्खं शहर, पस्तीस-चाळीस किलोमीटर, संध्याकाळची गर्दी.

बोसन एरोपार्केला पोचला तेव्हा विमान गेलेलं. रात्र बाकड्यावर काढली, सामानात घरचं थालीपिठाचं पीठ आणि सुकटीची पिशवी. दुसऱ्या दिवशी बोटीवर गेला तर चीफ ऑफिसरने त्याला झापला, बोटीच्या कंपनीने आमच्या साहेबांना झापलं आणि साहेबांनी मला. आमच्या साहेबांचा आवाज हॉर्निमन सर्कलपर्यंत जायचा. चूक माझीच होती, त्यात दुमत नाही. पण नऊ महिन्यांनी बोसन साइन-ऑफ होऊन परत आला तेव्हा पेढे घेऊन ऑफिसात आला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्यामुळे एक गाव फुकट बघितला." तेव्हापासून मी कुठलंही कनेक्शन दोनदा बघितलं. एक शहर म्हणजे एक जागा, असं धरून कधी चाललो नाही.

नातीला हे सांगितलं तर तिने विचारलं, "मग बोसनआजोबांना तरी हे बेट माहीत असेल?" असेल, म्हटलं. विचारू गणपतीत.

गणपतीला मी आणि ही, दोघंच निघालो. पोरांना सुट्टी नव्हती. रेल्वेचं आरक्षण उघडल्याबरोबर मिनिटभरात संपलं, ते दरवर्षीचंच, म्हणून बस. दहिसर चेकनाक्याहून रात्री आठला बसलो. गावाला रस्त्याने धरा तीनशे किलोमीटर. मी सवयीने मनात दुसरं एक विमान सोडलं, तेही आठचंच, आणि दोन्ही बरोबर चालवायला लागलो.

साडेअकराला माझं विमान दोहाला उतरलं. बस वडखळला होती. वडखळच्या पुढे गाड्यांची रांग, मागे तांबडे दिवे, प्रत्येक गाडीच्या टपावर मखर बांधलेलं. पहाटे अडीचला माझं विमान दोहाहून साओ पावलोकडे निघालं, तेव्हा आम्ही माणगावात उभे होतो. उभे म्हणजे इंजिन बंद करून. ड्रायव्हर खाली उतरून चहा पिऊन आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. एका बाईंनी बसमध्येच मोदकांसाठी आणलेला नारळ फोडायला काढला, कुणाच्या तरी पोराला भूक लागली होती. हिने मला विचारलं, "कसला विचार करताय?" म्हटलं, सुदान. ती पलीकडे तोंड करून झोपली.

पोलादपूरला उजाडलं. कशेडीच्या बोगद्यातून गाडी सुसाट गेली, ती रात्रीतली एकमेव सुसाट. चिपळूणला शेव-पाव खाल्ला. साडेनऊला गुहागरात उतरलो तेव्हा विमान अख्खी आफ्रिका आडवी ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याशी, अटलांटिकच्या तोंडावर आलं होतं. आमचे चार मिलिमीटर झाले होते.

दुसऱ्या दिवशी आरती आटपून असगोलीला गेलो. बोसन आता पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, गुडघे गेलेले, नजर शाबूत. पडवीत बसून जाळं विणत होता, गरज नसताना. चहा आला. मी दोऱ्याची गोष्ट सांगितली, आणि ते बेट विचारलं.

"बाजूने गेलोय," तो म्हणाला. "चिलीहून तांब्याची माती भरून चीनला. महिनाभर पाणी. नकाशावर सेकंड मेटने दाखवला, हा बघ ईस्टर आयलंड. दिसला काय नाही. लांबून गेलो. रात्र होती."

"आणि दोरा तुमच्या घरावरून जातो," मी म्हटलं. "हे समोर असंच सरळ जात राहिलात तर अंटार्क्टिका आणि मग बेट."

त्याने समुद्राकडे बघितलं. दक्षिणेकडे नाही, सवयीने पश्चिमेला, पावसाच्या ढगाकडे. मग मला विचारलं, "मुंबईहून किती वाजता निघालात?"

"आठ. इथे साडेनऊ."

"किती किलोमीटर?"

"तीनशे."

त्याने जाळ्याची सुई थांबवली, ओठ हलवून हिशेब केला. साडेतेरा तास, ताशी बावीस किलोमीटर, त्याचे ताशी समुद्री मैल, म्हणजे नॉट.

"बारा नॉट," तो म्हणाला. "भरलेली बल्क कॅरिअर अशीच चालते. मग भाऊ, उशीर कुठे झाला?"